पोटात अडकलेलं गणित

मी एका शाळेच्या शिक्षकखोलीतला जुना संगणक आहे. मित्रांनो, तोंड वाकडं करून बोलतो म्हणून रागावू नका. माझ्या कळांच्या फटींत बिस्किटांचा चुरा आहे, मागच्या जाळीत धूळ साचली आहे आणि पडद्यावर कुणाच्या तरी तेलकट बोटांचे ठसे आहेत. शी! पण ही घाण मी सोसली. मला खरी शिसारी आली ती दुसऱ्याच गोष्टीची.

नवा होतो तेव्हा माझं काय कौतुक व्हायचं! हात लावण्याआधी लोक हात पुसायचे. पुढे माझ्यापेक्षा चपळ संगणक आले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. मला विचारायच्या त्या एकट्या गणिताच्या बाई. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांचा जादा तास त्या माझ्यासमोर घेत. फळ्यावरचा आलेख हलत नाही, म्हणून तो मुलांच्या डोक्यात शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलं गळू लागली होती. मुख्याध्यापकांनी बजावलं, "बाई, शुक्रवारी मी येऊन बघणार. मुलांना काही कळत नसेल तर हा तास बंद."

बाईंचे धाकटे दीर गणिताचं एक सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींपैकी. ते सॉफ्टवेअर आलेख हलवून दाखवी. फुकट होतं, कुणीही घ्यावं, आतली रचनाही कुणीही उघडून बघावी. "वहिनी, टाकून घ्या ना, सोपं आहे," दीर फोनवर म्हणाले.

डोंबलाचं सोपं! बाईंनी सूचना वाचत सुरुवात केली. हे घालायचं तर आधी ते हवं. ते हवं तर आणखी काहीतरी भलतीकडून आणा. ते आणलं, तर माझ्यातल्या जुन्या सामानाशी त्याचं जमेना. सगळे अर्धवट तुकडे माझ्या पोटात जाऊन पडले आणि मी पडदाभर लाल अक्षरं ओकलो. बाईंनी पुसून पुन्हा घातलं, मी पुन्हा ओकलो. त्या मंडळींकडे त्यांनी मदत मागितली, तर कुणीतरी उत्तर दिलं, "एवढंही येत नसेल तर दुसरं काहीतरी वापरा." किळस आली मला! फुकट वाटतो म्हणून मिरवायचं आणि घ्यायला आलेल्याच्या तोंडावर दार आपटायचं? बाई मात्र हळूच म्हणाल्या, "माझंच डोकं चालत नाही बहुतेक."

गुरुवारी दीर घाईघाईने आले. "वहिनी, माझ्याकडे तर मस्त चालतंय!"

चालणारच हो! यांच्या संगणकांत सगळं सामान आधीपासून भरलेलं. कोऱ्या संगणकावर घालून बघायचं यांच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. ते माझ्या कळांवर झडप घालणार, तेवढ्यात बाईंनी अडवलं.

"भाऊजी, हात मागे. तोंडही उघडायचं नाही. तुम्ही लिहिलंय तस्संच मी करते, तुम्ही नुसतं बघा."

बाई पहिल्याच ओळीला अडल्या. दीर खुर्चीत चुळबुळ करू लागले. शेवटी त्यांना राहवेना. "अहो, आधी ती आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडायची. हे तर कुणालाही माहीत असतं!"

"कुणालाही? मग मी कोण?"

दिरांचा चेहरा पडला. बाई अडत गेल्या आणि ते हात मागे धरून बघत राहिले. पुन्हा लाल अक्षरं आली तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "शी! हे आम्ही लोकांच्या गळ्यात मारतोय?"

मग ते कामाला लागले. लागणारं सगळं त्यांनी एकाच फाइलमध्ये बांधलं, आपलं आपण जागेवर बसेल असं. एकेक प्रयत्न झाला की मला पुसून कोरा करायचे आणि म्हणायचे, "वहिनी, बसा बरं." शेवटच्या खेपेला बाईंना काहीच विचारावं लागलं नाही. तरीही त्यांनी दिरांना मला पुन्हा एकदा पुसून कोरा करायला लावलं.

शुक्रवारी मुलं जमली, मुख्याध्यापक आले. बाई म्हणाल्या, "सर, तुम्हीच घाला."

"मी? मला माऊस धरायचा म्हटलं तरी घाम फुटतो!"

"म्हणूनच म्हणते."

सरांनी भीतभीत फाइलवर टिचक्या मारल्या. मी जीव मुठीत धरून होतो. या वेळी पोटात काही अडकलं नाही. पडद्यावर रेष उमटली. सरांनी एक आकडा वाढवला, तशी ती चढू लागली. "अरेच्चा! हा वाढला की चढ वाढतो होय?" मग कमी करून बघितला, मग पुन्हा वाढवला. मागे मुलं ताटकळली होती, सरांना त्याचं भानच नव्हतं. अखेर वर्गात सगळ्यांत कच्ची समजली जाणारी मुलगी पुढे झाली.

"सर, उठा ना. आमचा तास आहे."

सर मुकाट्याने उठले. तास बंद करण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी बनवून लोकांना द्याल. जरूर द्या. पण 'सोपं आहे' असं लिहिण्याआधी, ज्याला ते येत नाही त्याला समोर बसवा, आपले हात मागे धरा आणि गप्प बघा. आणि हो, बिस्किटं जरा तिकडे लांब बसून खा.