आता स्प्रिंग अलगद काढा, आणि

शिलाई मशीनची दुरुस्ती नेटवर शोधली की आमचं दुकान चौथ्या पानावर यायचं. आमच्या वर जे दुकान दिसायचं त्याचा मालक केव्हाच देवाघरी गेला होता आणि त्या जागेत केस कापायचं दुकान थाटलं होतं. म्हणजे गेलेला माणूस पुढे आणि आमचे बाबा हातीपायी धडधाकट असून मागे. बाबा म्हणजे माझे सासरे.

मोठे भाऊजी विमा कंपनीत साहेब आहेत, त्यामुळे त्यांना कशातही आधी नुकसानच दिसतं. गिऱ्हाइकं फोनवर बघतात आणि पुलापलीकडच्या चकाचक सर्व्हिस सेंटरला जातात, बाबा इकडे माश्या मारत बसतात, त्यापेक्षा गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने देऊन टाकू, असं त्यांनी एका रविवारी जेवताना जाहीर केलं. कव्हरवाला एका पायावर तयार होता. शाळांच्या सुट्ट्या संपेपर्यंत वाट बघायची, तोवर काही हललं नाही तर किल्ली द्यायची.

बाबांनी पानातलं तसंच ठेवलं, जे ते कधी करत नाहीत. बोलल्या त्या सासूबाई. मागे पाय मुरगळला म्हणून बाबा आठवडाभर घरी होते. तेवढ्यात त्यांनी मिक्सर उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, आणि शेवटी संडासाची टाकी.

"ह्यांना आराम द्याल तर मी माहेरी जाईन," त्या म्हणाल्या. "आणि जाताना मिक्सर घेऊन जाईन."

आमची वेबसाइट माझ्या लग्नाच्याही आधीची. तिच्यावर अजून कुठल्याशा नव्या वर्षाच्या शुभेच्छा झळकत होत्या आणि फोटोत बाबांचे केस काळे होते. ती करून देणारा माझ्या नवऱ्याचा मित्र. त्याला विचारलं तर तो म्हणाला, वहिनी, साइटला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही की ती खाली खाली जाते. काहीतरी ताजं टाकत राहा, लोकांच्या उपयोगाचं. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, साइट काय पालकाची जुडी आहे का.

लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बाळंतपणाच्या रजेवर, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी रिकामीच. छकुली दुपारी झोपली की मी तिला खांद्यावर तशीच ठेवून एका अंगठ्याने फोनवर टाइप करायचे. बाबा जेवायला घरी यायचे, आंचवून समोर बसायचे आणि सांगायचे. पहिला लेख निघाला "हल्लीच्या सुया". त्यात सुया कमी आणि हल्लीचे लोक जास्त होते. दुसरा तेलावर. दोन्ही माझ्या आईने वाचले, आणि भाऊजींनी, चुका काढायला.

मग मी बाबांना म्हटलं, मतं नकोत, काम सांगा. टाका सैल पडतो ही सगळ्यांची तक्रार असते ना? मग घरच्या घरी काय करायचं ते सांगा.

काम सांगायला लागले की बाबा निराळेच होतात. आवाज खाली येतो, डोळे अर्धे मिटतात, आणि बोटं हवेत नसलेला नट फिरवायला लागतात. मशीनच्या पुढच्या बाजूला दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन चकत्या असतात, त्यांच्यात धाग्याचा कचरा अडकतो, तो काढायचा. आधी दोरा काढा. मग नट सोडवा, घाई नको. आता स्प्रिंग अलगद काढा, आणि

आणि छकुली उठली. नुसती उठली नाही, माझ्या पाठीवरून पार कमरेपर्यंत काम करून उठली. लेख टाकायचा वार तोच होता. मी एका हाताने तिला धरलं, दुसऱ्या हाताने लेख साइटवर चढवला, राहिलेलं संध्याकाळी घालू म्हटलं आणि नळाखाली गेले. संध्याकाळी तिला ताप आला. मग दात आले. तो "आणि" माझ्या डोक्यातून साफ पुसला गेला.

पुढच्या आठवड्यात दुकानात एक बाई आल्या. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात बिस्किटांचा डबा. डब्यात नट, स्प्रिंग, चकत्या आणि एक बटण, जे मशीनचं नव्हतंच. त्यांच्यामागून एक निवृत्त मास्तर आले, त्यांनी सुटे भाग रुमालात बांधून आणले होते. मग एक शिंपी आला. तो सारखा सांगत होता की मशीन त्याचं नाही, मेहुण्याचं आहे. बाबा तर सुखावून गेले होते. घरी येऊन म्हणाले, लोकांना अचानक मशीन उघडायची हौस कुठून आली देव जाणे, पण उघडतात फार नीट.

तेवढ्यात वेबसाइटवाल्याचा फोन. आवाजात भक्ती. म्हणे आपण पहिल्या पानावर आलोत, आणि वहिनी, असलं काय लिहिलंत, लोक त्या पानावर अर्धा अर्धा तास बसून राहतात. जातात आणि पुन्हा येतात. त्या पानावर लोक का बसून राहत होते ते तेव्हा आम्हा कुणालाच कळलं नाही. मी आपली दिवसभर स्वतःवर खूश.

कळलं ते कव्हरवाल्यामुळे. सुट्ट्या संपत आल्या होत्या, आणि तो भाऊजींबरोबर गाळ्याची मापं घ्यायला आला. मी छकुलीला घेऊन बाबांचा डबा द्यायला गेले होते. त्याच्या एका खिशात टेप होता. भाऊजी भिंत दाखवायला वळले तसा त्याने दुसऱ्या खिशातून हळूच एक पिशवी काढून बाबांपुढे ठेवली. आत बायकोच्या मशीनचे सुटे भाग होते, मशीन तिने लेख वाचून उघडलं होतं आणि आता ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"काका, एक विचारू का," तो म्हणाला. "पुढचं मुद्दाम लिहिलं नाहीत ना? म्हणजे धंदा म्हणून झकासच आहे."

बाबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मी फोनवर पान उघडलं. "आणि"च्या पुढे पांढरं.

भाऊजी म्हणाले ही फसवणूक आहे, उद्या कुणी तक्रार केली म्हणजे. वेबसाइटवाला फोनवर म्हणाला, पाया पडतो, त्या पानाला हात लावू नका. नवरा म्हणाला, निदान दादाची मुदत संपेपर्यंत राहू दे की, कुणाचं काही मोडलं तर नाही ना. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. तो लेख पुरा झाला असता तर डबे, रुमाल, पिशव्या सगळं थांबलं असतं, आणि गल्ल्यामागच्या त्या बुटक्या स्टुलावर बाबांच्या जागी कव्हरांचा खोका आला असता.

बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर नेहमीसारखी खुर्ची ओढली.

"माणसाचं मशीन उघडं टाकून मी कधी जेवायलासुद्धा उठलो नाही," ते म्हणाले. "लिही."

मी लिहीत गेले. चकत्या मऊ कापडाने पुसा. पोकळ बाजू बाहेर, फुगीर बाजू एकमेकींकडे. स्प्रिंग परत लावा. नट घट्ट करत जा. किती घट्ट? इथे बाबांची हवेतली बोटं थांबली. म्हणाले, दोरा हाताने ओढून बघायचा, हाताला कळतं. मी म्हटलं, बाबा, वाचणाऱ्याचा हात तुमचा नाही, त्याला काय सांगू? त्यांनी बराच विचार केला. छकुली जागी होती, माझी बट ओढत होती. मी विचारलं, एवढा ताण?

"छे, एवढा नाही." त्यांनी आपलं बोट तिच्या मुठीत दिलं, तिने ते धरलं, आणि ते बघत राहिले. "झोपलेल्या बाळाच्या मुठीतून बोट सोडवून घेताना लागतो ना, तेवढा."

तसंच्या तसं लिहिलं. पूर्णविराम दिला. त्यानंतर दोन दिवस दुकानात चिटपाखरू नाही. भाऊजींनी भाडेकरार टाइप करायला दिला. सासूबाईंनी मिक्सर पलंगाखाली सरकवला.

तिसऱ्या दिवशी तेच निवृत्त मास्तर आले. पुरा लेख वाचून या वेळी मशीन त्यांनी घरी पुन्हा उघडून स्वतःच जोडलं होतं आणि ते चालतही होतं, पण ताण बरोबर आहे का याची खात्री पटत नव्हती. संकोचत म्हणाले, आमच्याकडे लहान मूल नाही हो, तुमच्याकडचा दोरा जरा ओढून बघू का? बाबांनी गल्ल्यावर एक नीट लावलेलं मशीन ठेवलं आणि मास्तरांना दोरा ओढायला दिला. मास्तरांनी डोळे मिटून ओढला. दुसऱ्या दिवशी ते बहिणीला घेऊन आले, तिच्या मशीनचा पट्टा घसरत होता. मग तिची शेजारीण. ओढून बघायला म्हणून माणसं यायची, आणि आलोच आहोत तर म्हणून पिशवीतून काहीतरी काढायची, कुणाचं पायडल अडलेलं, कुणाचं चाक जड.

शनिवारी भाऊजी करार घेऊन दुकानात आले. मी आत दुसऱ्या स्टुलावर छकुलीला पाजत होते. दारापर्यंत माणसं होती. भाऊजी बाजूने पुढे सरकायला लागले तसं बिस्किटांच्या डब्यावाल्या बाईंनी त्यांना अडवलं, म्हणाल्या रांग आहे. मी मुलगा आहे यांचा, भाऊजी म्हणाले. त्यावर बाईंनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहून विचारलं, ते ठीक आहे, पण मशीन कुठंय?

बाबांनी मान वर केली नाही. त्यांच्या दातांत स्क्रू होता, तो त्यांनी शांतपणे तळहातावर घेतला.

"बसू द्या त्याला," ते म्हणाले. "गाळ्याचं विचारायला आलाय. एवढा नट बसवतो आणि नाही म्हणून सांगतो."

भाऊजींना बसायला जागा नव्हती. ते बाबांच्या मागे येऊन उभे राहिले, करार काखेत धरला, आणि बाबांनी न बघता मागे केलेल्या हातात फळीवरची टॉर्च दिली.