एका कानाचा पेंग्विन

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टिकचा पेंग्विन आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून म्हणाल, सुरुवातीला तर किती गोड बोलत होता.

कारखान्यात मला साच्यातून काढले तेव्हा मी आतून पोकळ आणि बाहेरून चकचकीत होतो. बर्फावर कलंडू नये म्हणून बूड रुंद, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानांसारख्या दोन मुठी. खऱ्या पेंग्विनला असे कान नसतात, ठाऊक आहे मला, हसू नका. ज्या मुलांना बर्फावर धड उभेही राहता येत नाही, त्यांनी माझे कान धरायचे आणि मला ढकलत ढकलत स्केटिंग शिकायचे, एवढेच माझे काम. बर्फाची जमीन असलेल्या त्या थंडगार हॉलमध्ये किती मुलांचे दात मी वाचवले असतील! त्याबद्दल मला कोणी साधे पुसूनही ठेवले नाही.

त्या मुलांतलीच एक भिंगरी. पहिल्या दिवशी ती माझ्या गळ्याला मिठी मारून भोकाड पसरून रडली. मग सगळा भार माझ्या कानांवर टाकून चालू लागली. मी हूं की चूं केले नाही. एके दिवशी ती माझे कान सोडून एकटी पुढे गेली. मला इतका आनंद झाला! आणि तिने काय करावे? मागे वळून मला लाथ मारली. म्हणाली, "जा! तू बाळांचा आहेस." मी गरगरत कठड्यावर आपटलो. वर तिची आई सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटली, "आमच्या भिंगरीला कोणाचा आधार लागतच नाही." आता बोला!

पुढे माझी रवानगी बर्फाशेजारच्या अडगळीच्या खोलीत झाली, ओल्या फडक्यांच्या संगतीला. खोलीचे दार मोडके, त्यामुळे बाहेरचे सगळे दिसे. भिंगरी उड्या मारू लागली, गिरक्या घेऊ लागली, बक्षिसे मिळवू लागली. माझ्या खोलीकडे तिने कधी ढुंकूनही पाहिले नाही.

मग शिकवणाऱ्या बाईंनी स्पर्धेसाठी मुलींचा एक संघ केला. एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून एका ओळीत जायचे आणि ओळ न मोडता वळायचे. भिंगरीच्या शेजारी तिची मामेबहीण होती. तिला सगळे लंबू म्हणत. सरळ जाताना भिंगरी सगळ्यांच्या पुढे पळे, आणि वळण आले की सगळा भार लंबूच्या खांद्यावर टाके. तो भार मी लगेच ओळखला. माझ्या कानांना विचारा! पण विचारतो कोण? एका वळणावर लंबू कोसळली आणि तिच्या हनुवटीला टाके पडले. टाके निघाले तरी ती बर्फावर पाय ठेवेना. स्पर्धा तोंडावर आली होती, आणि एक जरी मुलगी कमी असली तरी संघ बाद होणार होता.

आणि भिंगरी म्हणते कशी, "मी काय केलं? तीच पडली. तिला काढा, मी एकटी करते सगळं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाई तिला रागावल्या नाहीत. त्यांनी मला कान धरून बाहेर ओढले आणि तिच्यापुढे ठेवले. "ही लंबू आहे असं समज. हिला घेऊन वळून दाखव."

बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. भिंगरी लालबुंद होऊन निघाली. वळणावर तिने नेहमीसारखा भार टाकला आणि कडाड! माझा डावा कान तिच्या हातात आला आणि ती आडवी झाली.

"एवढा जोर लावते मी?" ती त्या कानाकडे बघत पुटपुटली.

"मग? माझा खांदा बघितलास का कधी?" कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या लंबूने कॉलर बाजूला केली. भिंगरीच्या बोटांचे डाग अजून पिवळट दिसत होते.

भिंगरीने उठून माझा उरलेला कान धरला आणि मला ढकलले. मी जागच्या जागी फिरलो. तिने पुन्हा ढकलले, मी पुन्हा फिरलो. मुद्दाम नाही हो, एका कानाने मला सरळ जाताच येत नाही.

"लंबू, इकडून धरतेस? हा एकटीचं ऐकत नाहीये."

"मी तुला नाही धरणार."

"मला नको धरू. याला धर."

लंबूने कितीतरी वेळ विचार केला. मग एक पाय बर्फावर ठेवला, दुसरा ठेवला, आणि माझ्या तुटक्या बाजूला तळहात टेकवला. भिंगरीने घाई केली की मी लंबूच्या अंगावर वळे. "हळू!" लंबू ओरडे. "बरं," भिंगरी म्हणे. होय, भिंगरी चक्क "बरं" म्हणाली! शेवटी मी सरळ निघालो. वळण आले, आणि माझ्या कानावर भार पडला नाही. त्या मुलीने मला जन्मात पहिल्यांदा हलक्या हाताने धरले होते.

स्पर्धेत ओळ मोडली नाही. संघाचा तिसरा नंबर आला. फोटोत बाई आहेत, मुली आहेत, कोणाच्या तरी पाण्याच्या बाटल्यासुद्धा आहेत. मी नाही. आणि हॉलच्या व्यवस्थापकांनी मला थेट कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवले. "एका कानाचा काय कामाचा?"

तेवढ्यात भिंगरी आणि लंबू धावत आल्या. "टाकू नका," भिंगरी म्हणाली, "हा दोघांना मिळून लागतो."

तेव्हापासून मला दोन-दोन मुले ढकलतात. आधी भांडतात, मला गरगर फिरवतात, मग निमूट सरळ नेतात. माझी माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही.

मित्रांनो, तुम्ही मला एक दिवस सोडून जायचेच असते; त्यासाठीच तर मी आहे. पण सोडताना लाथ मारू नका. पोकळ असलो तरी ती लागते.