जोलीनची किल्ली

“आई, किल्ल्या! लवकर!” जोलीननं माझ्या नाकासमोर हात नाचवला.

फुटबॉलच्या सामन्यात समोरच्या संघाची चेंडू पुढे न्यायची तिसरी खेप होती. ती हुकली की चेंडू बहुतेक आमच्याकडे येतो. म्हणून आमच्या गावच्या कॉलेजच्या मैदानावर अशा वेळी सगळे खिशातल्या किल्ल्या काढून डोक्यावर खुळखुळवतात. घराच्या, गाडीच्या, गोठ्याच्या, ज्याच्याकडे ज्या असतील त्या. जोलीन लहानपणापासून माझाच जुडगा वाजवत आली आहे. आता ती एक्केचाळीसची आहे. तिच्या बापानं तिला पहिल्यांदा खांद्यावर बसवून इथं आणलं, तेव्हा डॉक्टर सांगत होते की बुद्धीनं लहानच राहणारी अशी मुलं फार जगत नाहीत. पुढे डॉक्टर गेले, बापही गेला. जोलीन आहे, आणि पंचांना अजून खणखणीत शिव्या घालते.

माझा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात गेला. तोंडानं मी फटकळ, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्या शनिवारी माझी दातखीळ बसली होती. सोमवारी जोलीनला ओक रस्त्यावरच्या घरात राहायला जायचं होतं आणि मी तिला ते अजून सांगितलंच नव्हतं. तिच्यासारख्या मोठ्या मुलींसाठी चर्च ते घर चालवतं. तिथली मार्लीस बाई मायाळू आहे, खोली उजेडाची आहे. दोनदा तिला तिथं जेवायला नेलं, तेव्हा ती खुशीत होती. पण जेवायला जाणं वेगळं. उन्हाळ्यात मी घरात चक्कर येऊन पडले, तेव्हा तिनंच शेजारी जाऊन माणसं आणली. पण मी पुन्हा उठलेच नाही तर? ती एकटी माझ्या उशाशी बसून राहील, या विचारानं माझा डोळ्याला डोळा लागत नाही.

सामन्यात सांगायचं असं ठरवलं होतं, कारण तिथं ती सुखात असते. मध्यंतराचा बँड वाजून गेला, हॉट चॉकलेट पिऊन झालं, मी आपली पांघरुणाची दशी ओढत बसले.

“व्हर्ना, तोंड का पाडलंयस गं?” मागच्या बाकावरून ड्वेन म्हणाला. तो विहिरींवर पंप बसवतो. आमच्या मागची जागा त्याच्या बापापासून त्यांची आहे. “हरायची सवय नाही का झाली अजून?”

“तुझ्या सूर्यफुलाच्या बिया खाण्याच्या आवाजानं डोकं उठलंय,” मी म्हटलं. जोलीन खो खो हसली.

तेवढ्यात पुन्हा तिसरी खेप आली. जोलीनचा हात पुढे आला. मी माझा जुडगा न देता कोटाच्या खिशातून ती नवी किल्ली काढली. लाल फीत लावून आणली होती.

“ही घे. ही तुझी. तुझी एकटीची.”

तिची स्वतःची किल्ली कधी नव्हतीच. मला वाटलं होतं, ती हरखेल आणि मग पुढचं सांगणं सोपं जाईल. तिनं किल्ली डोक्यावर धरली आणि जोरजोरात हलवली. सगळं मैदान खुळखुळत होतं. तिनं किल्ली कानाशी नेली, पुन्हा हलवली.

“वाजत नाही ही.”

“अगं, नवी आहे.”

“एकटी आहे, आई. एकटी कशी वाजेल?”

जुळवून आणलेले सगळे शब्द कुठल्या कुठे गेले. मी तिच्या हातमोज्यांवर हात ठेवला आणि सांगून टाकलं. सोमवारी. ओक रस्ता. उजेडाची खोली.

ती मैदानाकडे बघत राहिली. “तू पण?”

“मी घरीच.”

“मग सकाळी गोळ्या कोण देणार तुला?”

“माझ्या मी घेईन.”

“तू विसरतेस.”

“फोन करत जा मला. ओरड माझ्यावर.”

“शनिवारी?”

“शनिवारी मी तुला न्यायला येणार. सामना आपला.”

“आणि तू मेलीस की?”

हे ती असंच विचारते, भाजीत मीठ आहे का विचारावं तसं. मागून ड्वेननं घसा खाकरला. मेला सगळं ऐकत होता.

“मग मी येईन, जोलीन. पण गाडीत बिया सांडल्या तर बोलायचं नाही मला.” त्यानं आपल्या जुडग्यातून एक गंजकी किल्ली नखानं ओढून काढली. “घे, जोडीला ठेव. ट्रकची आहे. ट्रक कधीच भंगारात गेला.”

मग मीही माझ्या जुडग्यातली घराची किल्ली सोडवली. बोटं गारठली होती, कडी उघडेना. ती कडी शेवटी जोलीननंच उघडली.

तीन किल्ल्या वाजल्या. आमचा संघ तरीही हरला, चांगला सडकून हरला. लोक केव्हाच पांगले होते, पण हरलो तरी खेळाडू येऊन कॉलेजचं गाणं म्हणतात आणि ते झाल्याशिवाय जोलीन हलत नाही. ती उभी राहून शेवटच्या ओळीपर्यंत गायली.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “आजच जाऊ.”

“कुठं?”

“माझ्या खोलीत.”

“अगं सोमवारी. तुझे कपडे, उशी, काहीच नाही बरोबर.”

“सोमवारी आण.”

मी तिला समजवायला निघाले होते, आणि आता मलाच कोणी समजवायला नव्हतं. गाडी घराच्या वळणावरून पुढे काढली, तेव्हा मला रडू फुटलं. ती काचेतून बाहेर बघत होती. “हळू चालव,” एवढंच म्हणाली.

मार्लीस बाईंनी दार उघडलं. पलंगावर घालायला चादर काढून दिली. जोलीननं खोलीच्या दाराला ट्रकची किल्ली लावून पाहिली, मग घराची, मग ती लाल फितीची. चादर काखेत मारून ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी बाहेर उभी राहिले. आमच्या घरात तिच्या दाराला कडी कधी नव्हतीच. ती जन्मल्यापासून तिच्याकडे जाताना मी कधी थांबले नव्हते. थोड्या वेळानं मी दारावर टकटक केली.

“कोण?”

“मी,” मी म्हटलं. “आई.”

“थांब, चादर घालतेय.”

मी थांबले.