चारशे एकोणिसाव्या पानावरचं लग्न

नऊशे साठ पानांची ती रहस्यकादंबरी मी शेवटपर्यंत वाचली आणि कपाळाला हात लावला. जो तो तिचं नाव घेत होता, वाचनालयात तिच्यासाठी नंबर लागले होते. निघालं काय, तर खून पहिल्या चाळीस पानांत, खुनी शेवटच्या चाळीस पानांत आणि मधे नुसतं पाणी.

वाचक मंडळात मी एवढंच म्हणाले, "फार लांबलीय. मधलं सगळं कंटाळवाणं आहे."

मंडळाची अध्यक्षीण म्हणजे माझी नणंद. ती म्हणाली, "वहिनी, तू पुस्तकं बाहेरून दुरुस्त करतेस ना? आतलं आमच्यावर सोड." सगळे हसले. पुढच्या रविवारी माझं सभासदत्व कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

मला लागलं ते. बारा वर्षं मी या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसून पुस्तकांना शिलाई घालतेय, पुठ्ठे चढवतेय. पुढच्या खोलीतली, वाचक मंडळाची ती एक खुर्ची मला तीन महिन्यांपूर्वी मिळाली होती, तीही कच्ची सभासद म्हणून. ती जाणार म्हटल्यावर घास गोड लागेना.

त्याच आठवड्यात वाचनालयातल्या, मी वाचली ती सोडून कादंबरीच्या उरलेल्या दोन्ही प्रती कणा मोडून माझ्या टेबलावर आल्या. सुरुवातीची पानं बोटांनी काळवंडलेली, शेवटची तशीच. मधली मात्र छापखान्यातून आत्ता आल्यासारखी कोरी. चारशे सतराव्या पानाशी माझा हात थांबला. तिथला फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदाची घडी घालून केलेली सोळा पानं, तो घडी घालताना जरा खाली बसला होता, त्यामुळे वरची घडी कापायची सुटली होती. पानं वरून जोडलेलीच. फार तर डोकावून बघावं, वाचता काही येणार नाही. दोन्ही प्रतींत तेच. मग आठवलं, मी वाचलेल्या प्रतीतही घडी बंद होती आणि मी ती सवयीने सुरीने कापून पुढे गेले होते. आमच्या धंद्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

रविवारी मी फक्त सुरी घेऊन गेले.

नणंद बोलत होती. "मला भिडलं ते त्या गुप्तहेराचं एकटेपण. जन्मभर एकटा राहिलेला माणूस शेवटी रिकाम्या घरात परततो, तेव्हा मला रडू आलं." निवृत्त औषधवाल्यांनी चष्मा पुसला. गाण्याच्या बाईंनी मान डोलावली.

"वन्सं," मी म्हटलं, "आणि त्याची बायको?"

"कुणाची?"

"गुप्तहेराची. चारशे एकोणिसाव्या पानावर लग्न झालं की त्याचं. सहाशेव्या पानावर ती पत्र टाकायला गेली. मग लेखकच तिला विसरला. मी मेली शेवटच्या ओळीपर्यंत तिची वाट बघत होते."

"बघा," ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, "म्हणूनच म्हणते, हिला कळलेलं नाही."

"तुमची स्वतःची प्रत आहे ना हातात? उघडा."

तिने मोठ्या ऐटीत उघडली. पान काही उलगडेना. औषधवाल्यांनी आपली प्रत चाचपली, तीही बंद. गाण्याच्या बाईंनी आपली हळूच पिशवीत सरकवली.

मी सुरी टेबलावरून पुढे केली. नणंदेने घडी कापली, मनात वाचलं आणि तिचे कान लाल झाले. मग ती मोठ्याने वाचायला लागली. लग्नाला जाताना कोणती टायपिन लावावी यावरच दोन पानं होती. तिसऱ्या पानावर तिला जांभई आली.

"वहिनी, खरं सांगू?" पुस्तक मिटून ती म्हणाली. "दीडशे पानांनंतर मी एकदम शेवट गाठला. सगळे ग्रेट म्हणत होते, मग मीच कशी मागे राहू?"

"मी शंभरावरच," औषधवाले म्हणाले. गाण्याच्या बाईंनी तर आकडाच सांगितला नाही.

मला हसू आवरेना आणि आवरावं असं वाटलंही नाही. तेवढ्या खोलीत ते पुस्तक पूर्ण वाचलेली मी एकटीच होते.

नणंदेने सभासदांच्या वहीत माझ्या नावापुढचं 'कच्ची' खोडलं. "पुढच्या महिन्याचं पुस्तक तूच सुचव," ती म्हणाली. "फक्त दोनशे पानांच्या आतलं बघ बाई."

मी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.