कोटाचं चौथं बटण

मी एक जुनी तांबी आहे, मैत्रिणींनो. मित्रांनो, तुम्हीही ऐका. उगाच छताकडे बघू नका.

माझा जन्म कारखान्यात झाला. टी अक्षरासारखं पांढरं प्लॅस्टिकचं अंग, त्यावर तांब्याची बारीक तार आणि खाली दोन दोरे. माझ्या बहिणी बंद पाकिटांतून बायकांच्या गर्भाशयात नोकरीला गेल्या. मूल नको असेल तितकी वर्षं तिथे पहारा करायचा, हे आमचं काम. माझं पाकीट मात्र दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी फोडलं आणि मला नमुना म्हणून टेबलावर ठेवलं. आधी मला फार वाईट वाटलं. पण कुणी बाई विचारायला आली, की सिस्टर गोळ्या, इंजेक्शन, निरोध असं सगळं तिच्यापुढे मांडायची आणि मला थेट तिच्या तळहातावर ठेवायची. "एवढीशीच?" म्हणून बाई हसली, की मी खूश व्हायचे.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई आली. घरातच तिचं दुकान होतं. नवरा ट्रकवर, दोन मुलं शाळेत, आणि काजं-बटणं करायला सासूबाई. एका शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला गणवेशांचं दोन वर्षांचं काम देऊ केलं होतं. एवढं मोठं काम तिला आजवर कुणी दिलं नव्हतं, तरी तिला हो म्हणवत नव्हतं. कामाच्या घाईत ती चार दिवस गोळ्या विसरली होती आणि मग पाळी येईपर्यंतचे दिवस तिनं जीव मुठीत धरून काढले होते.

"तिसरं आलं तर मशीनवर बसणार कोण?" ती सिस्टरला म्हणाली. "इंजेक्शन घेऊ का?"

"घेता येईल. पण दर तीन महिन्यांनी न चुकता यावं लागेल."

"मी गोळी विसरते, ते काय लक्षात ठेवणार!"

"मग ही बघा. दहा वर्षं चालते. मध्येच नकोशी झाली किंवा मूल हवं वाटलं, तर कधीही काढून देऊ."

"वर छातीत जाते म्हणतात ना?"

"छातीत जायला वाटच नाही हो," सिस्टर हसली. "बसवताना कळ येते आणि काही महिने पाळी जास्त जाऊ शकते. ते मी लपवणार नाही. घरी न्या, हाताळून बघा, घरच्यांशी बोला. परवा परत आणा."

नवरा फोनवर म्हणाला, "तुला सोसेल ते कर. नाहीतर माझं ऑपरेशन करू, तेही सोपं असतं म्हणे." हे ऐकून ती खुलली. पण कायमचं दार लावायची तिची अजून तयारी नव्हती. सासूबाईंना सांगायचं मात्र तिचं धाडस होईना. शेजारणीला तिसरं बाळ झालं तेव्हा सासूबाई त्याला तीनदा "किती गोड" म्हणाल्या होत्या. यांना नातवंड हवंय, असं हिनं मनाशी पक्कं धरलं. मग मला लपवलं कुठे, तर बटणांच्या डब्यात! त्या घरात रोज सकाळी सासूबाई जो डबा उघडायच्या, तोच.

दुसऱ्या दिवशी सासूबाई मोठ्या बाईंनी शिवायला टाकलेल्या कोटाला पांढरी, लांबट बटणं लावायला बसल्या. तीन झाली, चौथं सापडेना. त्यांना जवळचं अंधुक दिसायचं आणि चष्म्याचं नाव काढलं की राग यायचा. बोटांना मी लागले आणि त्यांनी मला कोटावर टाचून टाकलं. खरं सांगते, मला तिथे मिरवायला फार आवडलं.

इस्त्री करताना सूनबाईंची नजर माझ्यावर पडली. मोठ्या बाई यायला अर्धा तास उरला होता. तिनं घाईघाईनं कात्री घेतली.

"अगं, उसवतेस काय! किती शोभतंय!"

"आई, ते बटण नाही."

"मग काय आहे?"

"तांबी आहे. मूल होऊ नये म्हणून बसवतात."

सासूबाईंनी मला नाकाजवळ नेऊन नीट पाहिलं. "म्हणजे तुला तिसरं नकोय?"

"नकोय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग आधी तोंड उघडायला काय झालं होतं? तुझी दोन्ही बाळंतपणं मी काढली. माझी कंबर पार कामातून गेलीय. तुला हवं असेल म्हणून मी गप्प बसले होते!"

"मग शेजारच्या बाळाला तीनदा गोड का म्हणालात?"

"दुसऱ्याचं होतं म्हणून!"

दोघी इतक्या हसल्या की इस्त्रीखालची बाही जळता जळता वाचली. खरं चौथं बटण डब्याच्या तळाशी सापडलं आणि मोठ्या बाईंना कोट वेळेवर मिळाला. कामाबद्दल त्यांनी विचारलं, तेव्हा सूनबाई म्हणाली, "उद्या सांगते."

ठरल्या दिवशी दोघी दवाखान्यात आल्या. हिच्यापेक्षा सासूबाईंनीच जास्त प्रश्न विचारले. डॉक्टरबाईंनी आधी तपासलं, दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली आणि नवं पाकीट फोडून माझ्या धाकट्या बहिणीला बसवलं. सूनबाई दोनदा "आई गं" म्हणाली, तोवर झालंसुद्धा. सहा आठवड्यांनी दाखवायला यायला सांगितलं.

मैत्रिणींनो, आम्ही सगळ्यांना मानवतोच असं नाही. कुणाला गोळी बरी, कुणाला निरोध, कुणाच्या नवऱ्याची ऑपरेशनची तयारी असते. पण मनातली शंका विचारा, आम्हाला हातात घेऊन बघा, आणि घरातल्या माणसाच्या मनात काय आहे ते त्याला न विचारता ठरवून मोकळ्या होऊ नका.

थोडी पडून राहिल्यावर सूनबाई उठून बसली. ओटीपोटावर एक हात ठेवून तिनं दुसऱ्या हातानं फोन लावला.

"बाई, मी बोलतेय. गणवेशांचं काम घेते. हो, दोन्ही वर्षं. शब्द देते."