गाडी उजवीकडे वळत नाही

"उजवीकडे वळत नाही," दादा हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाला. "डावीकडे अगदी शहाण्यासारखी जाते. उजवं वळण आलं की घोडं अडलंच."

मागच्या खेपेला तो हेच म्हणाला होता, त्याच्या आधीच्या खेपेलाही. मी पाना घेतला आणि गाडीखाली सरकले. उलट बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं.

गाडी म्हणजे आमची पिटुकली दोन सीटची, बिनछपराची स्पोर्ट्स कार. एसी नाही, रेडिओ नाही, पायाखाली गालिचा नाही. भावाबहिणीने मिळून घेतली आणि मिळून सोलली. वजन कमी करायचं या एका वेडापायी आम्ही तिच्यातून इतकं सामान काढलं, की वहिनी म्हणायची, "आता इंजिनही काढा आणि दोघं धावत जा." मी टायरच्या दुकानात अलाइनमेंटच्या मशिनवर काम करते, दिवसभर लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करते. दादा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. अधूनमधून एखाद्या रविवारी शर्यतीचा ट्रॅक सगळ्यांना खुला असतो, आपापली गाडी आणायची आणि मनसोक्त पळवायची. त्यात शर्यत नसते, बक्षीस नसतं. निव्वळ मजा म्हणून आम्ही जायचो.

सुरुवातीला आमची जाम भांडणं व्हायची. तो म्हणायचा, तू गाडी नीट बसवली नाहीस. मी म्हणायचे, तुला चालवता येत नाही. एकदा प्रकरण इतकं हातघाईवर आलं की वहिनीने दोघांना समोर बसवून तह करून दिला. चालवणाऱ्याने फक्त तक्रार सांगायची, उपाय शिकवायचे नाहीत. आणि पाना धरणारीने चालवणाऱ्याला कधीही नावं ठेवायची नाहीत, दोष आधी गाडीत शोधायचा. तेव्हापासून गॅरेजमध्ये शांतता होती. त्या शांततेचा मला अभिमानही होता, आग लागो त्याला.

कारण दोष गाडीत असेल तर माझ्याकडे पाने आहेत. तो दादात असेल तर माझ्याकडे काहीच नाही.

हा विचार मला पहिल्यांदा कधी आला ते सांगता येणार नाही. आला तसा मी तो झटकून टाकला आणि कामाला लागले. चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवले, दादाला हेल्मेटसकट आत बसवलं. हलक्या गाडीत चालवणाऱ्याचं वजनही गाडीचाच भाग धरावं लागतं, त्याला बाहेर उभं करून तोल साधता येत नाही. आकडे चांगले होते. दृष्ट लागावी इतके चांगले. मीच बसवलेले होते ना!

"मिळालं काही?" दादाने सीटवरून विचारलं.

"मिळेल."

"वाकून वाकून कंबर जाईल तुझी."

"तू गप्प बस आणि हलू नकोस. काटा हलतो."

तो हसला आणि लहान मुलासारखा श्वास धरून बसला. मला त्याचा असा काही कळवळा आला, की मी स्प्रिंगखालची रिंग फिरवायला घेतली. तोल बरोबर असताना बिघडवला. उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक जड केलं, म्हणजे गाडी उजवीकडे वळायला अधीर होते. डावं पुढचं चाक वरून आत झुकवलं, म्हणजे उजव्या वळणात ते रस्ता जास्त धरतं. दुकानात कुणी गाडी अशी करून दिली असती तर मी त्याची सालटी काढली असती. हे असं एकदा नाही, त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला केलं. थोडी रिंग, थोडा कल, वळणात गाडीचं अंग कलू न देणारा पुढचा बार थोडा सैल. आणि दर खेपेला दादा ट्रॅकवरून परत येऊन म्हणायचा, "किंचित सुधारलीय गं. पण वळत नाही अजून."

त्याची ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जड, थोराड. ती चालवणाऱ्याच्या शंभर चुका पोटात घालते. आमची पिटुकली काहीच पोटात घालत नाही, म्हणून तर ती घेतली होती.

एका रविवारी दुपारी त्याच्याकडे जेवायला होते. दादा पानावरून उठला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर त्याचा उजवा खांदा आपटला. "हे दार कोण अर्धवट लावून ठेवतं?" असं करवादत तो हात धुवायला गेला. दार सताड उघडं होतं.

"बघितलंस?" वहिनी त्याचं ताट उचलत म्हणाली. "हल्ली हे असंच चाललंय. आणि हे बघ. अर्धं ताट तसंच. वर म्हणतात, आज भाजी का नाही केलीस."

मी ताटाकडे बघितलं. डावीकडचं चाटूनपुसून साफ केलेलं होतं. उजवीकडे भाजी वाढली होती तशी होती, बोट न लागलेली.

"मध्ये एक दिवस यांचं डोकं दुखत होतं म्हणून हे झोपून होते ना, तेव्हापासून लक्षच नाही कशात," वहिनी म्हणाली. "तुमच्या त्या गाडीचं खूळ डोक्यात. तू लवकर दुरुस्त कर बाई ती, म्हणजे माझा नवरा ताळ्यावर येईल."

"करते," मी म्हटलं. मी पाणी प्यायले, पर्स उचलली, आणि थेट घरी न जाता गॅरेजमध्ये जाऊन आणखी थोडी रिंग फिरवली. माझ्या अकलेची ही कहाणी आहे. डोळ्यांसमोर ताट होतं आणि मी स्प्रिंग पिळत बसले. एवढ्याने तरी वळू दे, एवढ्याने तरी वळू दे, असं मी खरोखर तोंडाने म्हणत होते. मी कुणापुढे हात जोडणारी बाई नाही, पण त्या दिवशी पाना जोडला असता.

ट्रॅक खुला असलेल्या पुढच्या रविवारी दादाची पहिली फेरी संपायच्या आतच त्याला बाहेर बोलावून घेतलं. झेंडेवाले काका स्वतः चालत आमच्याकडे आले. हा माणूस उजव्या वळणाच्या तोंडाशी, रस्त्याच्या उजव्या बाजूला उभा राहून झेंडे दाखवतो. कधी कुणावर आवाज चढवत नाही. आज त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई, पुढे एक गाडी घसरून आडवी झाली होती. मी पिवळा झेंडा दाखवत होतो, तुमचे दादा थेट गेले. वेग कमीच केला नाही. तिकडे माणसं उतरलेली होती हो."

"झेंडा?" दादा म्हणाला. "कुठला झेंडा? काका, तुम्ही झेंडा खाली धरला असेल."

"दोन्ही हातांनी हलवत होतो."

"मग ऊन डोळ्यांवर आलं असेल."

आभाळ भरलेलं होतं. काका वर बघून माझ्याकडे बघत राहिले, आणि मी माझ्या बुटांकडे बघितलं.

"पुन्हा असं झालं तर मला गाडी बंद करावी लागेल," असं हळूच म्हणून ते गेले.

दादा रागाने लाल झाला होता. "ही गाडी! अगं, हिच्याशी झटापट करता करता माणसाला झेंडे दिसणार आहेत का? उजवीकडे वळवण्यातच सगळा जीव जातो माझा."

"हेल्मेट दे," मी म्हटलं.

"कशाला?"

"मी चालवून बघते."

एका गाडीमागे दोघांना चालवायची परवानगी मिळते. दुसरं नाव माझं, पण ते आजवर नुसतं कागदावर होतं. मला वेगाची हौस नाही, बसवण्याची आहे. दादाने आश्चर्याने हेल्मेट दिलं, माझा पट्टा स्वतः आवळला. "उजव्या वळणाला जपून," तो म्हणाला. "आधीपासून ओढ तिला. ऐकत नाही ती."

ट्रॅकवर निघाले तेव्हा मी एकच गोष्ट मागत होते. गाडी न वळू दे. बाकी काही नको, ती उजवीकडे न वळू दे. मी तिचं सगळं पुढचं अंग उपसून काढेन, नवं बसवेन, जन्मभर तिच्याखाली पडून राहीन.

डावं वळण आधी आलं. गाडीने नाक मुरडलं, बाहेर बाहेर जायला लागली. मीच तिला तसं करून ठेवलं होतं. मग सरळ रस्ता, मग उजवं वळण. मी दादाने सांगितल्यासारखी आधीपासून ओढली.

ती नुसती वळली नाही. तिने आत झडप घातली. पुढचं नाक गवताकडे वळलं, मागची चाकं सुटली, आणि एक क्षण मी ट्रॅकला आडवी, इंजिन कानाशी किंचाळत. कशीबशी सावरली. काकांचा झेंडा फडफडताना मला लख्ख दिसला. इतका मोठा पिवळाधमक झेंडा, रस्त्याच्या इतक्या जवळ!

उरलेली फेरी मी हेल्मेटच्या आत भोकाड पसरून रडले. पोरीबाळींसारखी, नाक गळत. ही जीवघेणी गाडी मी माझ्या भावाला बसवून दिली होती, आणि तरीही तो तिच्यात उजवीकडे उशिरा वळत होता. वळण त्याला दिसतच नव्हतं.

ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात त्या पिटमध्ये आले तर दादा उभा, चेहऱ्यावर इतकी आशा की मला इंजिन बंद करवेना.

"काय? मी म्हणत होतो ना?" तो म्हणाला. "वळत नाही ना?"

मी चावी काढली. उतरले. त्याला पिटच्या कट्ट्यावर बसवलं आणि त्याच्या उजव्या हाताला उभी राहिले.

"दादा, समोर त्या खांबाकडे बघ. मान वळवायची नाही. नजर हलवायची नाही."

"हा काय खेळ?"

"बघ रे."

त्याने खांबाकडे नजर लावली. मी चावी त्याच्या उजवीकडे, हातभर अंतरावर धरली. चावीला लावलेली साखळी लकलकत हलत होती.

"काय दिसतंय?"

"खांब."

"आणि?"

"आणि काय? पलीकडे गाड्या. तुझं डोकं फिरलंय का?"

मी चावी पुढे आणली. आणखी पुढे. तो खांबाकडे बघत होता, शहाण्या विद्यार्थ्यासारखा. मी मनात म्हणत होते, आता म्हण, आता तरी म्हण. चावी अगदी त्याच्या नाकासमोर आली तेव्हा तो दचकून मागे सरकला.

"ही कुठून आली?"

मी पुन्हा तेच केलं. दुसऱ्यांदा तो दचकला नाही. हळूहळू त्याने मान उजवीकडे वळवली, मी उभी होते ते बघितलं, माझा लांबवलेला हात बघितला. मग स्वतःचा उजवा हात बाजूला पसरला, समोर बघितलं, पुन्हा हाताकडे बघितलं. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. मला बघवत नव्हतं.

"गाडी वळते, दादा," मी म्हटलं. "मी तिला वेडीवाकडी करून ठेवलीय. ती नको इतकी वळते. दोष चालवणाऱ्यात आहे."

तह मोडला. आभाळ काही कोसळलं नाही, त्याने आवाजही चढवला नाही.

"मला वाटायचं, दार कुणीतरी अर्धवट लावतंय," तो म्हणाला.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचं. वहिनीला मी फोन करते."

"उद्या सकाळी नवीन विद्यार्थिनी आहे माझी. घाबरट आहे खूप. पहिल्या दिवशी मी आरसेच शिकवतो. डावा, मधला, उजवा." तो थांबला. त्याने ओठ घट्ट मिटले, पण हनुवटी थरथरतच राहिली. माझ्या मोठ्या भावाला मी असं कधी बघितलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही.

मी फोन केला. वहिनीने एकच विचारलं, "ताटाचं तेच का गं?" आणि ती निघाली. ती येईपर्यंत आम्हाला तिथेच थांबायचं होतं. मी चावी मुठीत आवळून धरली होती.

"अगं, एकदा हवा बघ ना," दादा एकदम म्हणाला.

"काय?"

"टायरची हवा. उजवीकडची कमी असेल. आपण इतकं सगळं बघितलं आणि हवा राहिली असेल. होतं असं. बघ ना एकदा."

जन्मात त्याने माझ्याकडे कधी अशी भीक मागितली नव्हती. हवा तर गॅरेजमधून निघताना मी स्वतः भरली होती, इथे उतरल्यावर पुन्हा तपासली होती. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्याकडे बघून मिटलं. हवेचा मीटर घेतला. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला.

उजव्या पुढच्या चाकाशी मी उकिडवी बसले, टोपण काढलं, मीटर दाबला.

"किती?" दादाने विचारलं.

"बरोबर आहे."

"मागचं?"

मागचं बघितलं. "बरोबर आहे."

गाडीला वळसा घालून आम्ही पलीकडे गेलो. वळताना त्याचा उजवा गुडघा मागच्या बंपरवर आपटला. मी डावं मागचं चाक दाबलं.

"किती?" त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"बरोबर आहे, दादा."

शेवटचं चाक उरलं. मी टोपण काढलं, मीटर लावला, काटा वर चढून जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. मी तशीच खाली बसून राहिले, त्याने विचारायची वाट बघत. त्याने विचारलं नाही.