कोबेचा घास

धाकू शिवलकरने बांगड्याच्या मानेकडून नख घातलं आणि वरची पातळ, चकचकीत कातडी एका दमात शेपटीपर्यंत सोलून काढली. ती कुठे फाटली नाही याचा त्याला कोण आनंद झाला! पंचवीस वर्षं झाली, पण डोळ्यांनी पाहिलेलं हात विसरले नव्हते. सकाळी मीठ चोळून ठेवलेला आणि मग दोन तास शिरक्यात बुडवलेला बांगडा बाहेरून पांढरट पडला होता. स्वयंपाकघरात असा काही आंबूस वास सुटला होता की मांजर उंबऱ्यापर्यंत आली, थबकली आणि शेपूट वर करून परत गेली.

"मांजरीला कळतं," चुलीपाशी बसलेली गोदा म्हणाली. "माणसांना कधी कळायचं देव जाणे."

"तू गप बस गो. आज तू पाहुणी आहेस."

"माझ्याच घरात?"

"तुझ्याच घरात. आणि त्या चुलीला आज हात लावायचा नाही. विझव ती."

गोदाने लाकडं मागे ओढली, पाणी मारलं आणि हात पुसत नवऱ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं बोटीवर डेक धुणारा, दोर ओढणारा हा माणूस घरी कधी पेज उतरवायला उठला नव्हता. आज कमरेला पंचा गुंडाळून तो भाताला सुपाने वारा घालत होता. तुळशीचं लग्न होऊन आठ दिवस झाले होते. नवा तांदूळ घरात आला होता, शिजवला की चिकट व्हायचा. धाकूला नेमका तसाच हवा होता.

बोटीवरची नोकरी सोडून त्याला दोन वर्षं झाली होती. त्याने बंदरं थोडी का पाहिली होती? पण मिऱ्या गावात संध्याकाळी कुणी ओट्यावर टेकलं की धाकूच्या तोंडी एकच बंदर, कोबे, आणि एकच जिन्नस, सुशी. सगळ्या वाडीला ती गोष्ट पाठ होती. एकसष्ट साली बोट कोबेला लागली आणि धाकूच्या पोटात कळ उठली. अपेंडिक्स. बोटीने त्याला तिथल्या इस्पितळात उतरवलं आणि ती पुढे गेली. तिसऱ्या दिवशी वादळात बुडाली. एक माणूस वाचला नाही. ज्यांच्याबरोबर एका किटलीतला चहा प्यायचा ते सगळे गेले, आणि हा पोटाला टाके घालून पांढऱ्या चादरीवर पडलेला. कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की तुझ्या घरी कळवलंय, काळजी करू नकोस. हातात पेन धरवलं त्या दिवशी धाकूने स्वतःही पत्र टाकलं.

इस्पितळामागच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं सहा माणसं बसतील एवढंच दुकान होतं. धाकू भिंतीला धरत धरत तिथे जायचा, कडेच्या स्टुलावर बसायचा आणि रडायचा. म्हातारा एक शब्द बोलायचा नाही. ओल्या हातात भाताचा मुटका दाबायचा, वर माशाची फोड ठेवायचा आणि समोर मांडायचा. खाल्ल्याशिवाय हलायचा नाही.

"आणि त्याचे कायदे किती!" धाकू ओट्यावर सांगायचा तेव्हा त्याचे डोळे लहान पोरासारखे व्हायचे. "समोर आला की लगेच उचलायचा, ठेवून ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. काड्या नसल्या जमत तर हाताने खा, हात धुतलेला असला की झालं. पण घास एकच! अर्धा चावून परत ठेवलास तर म्हातारा असा बघायचा की वाटायचं, बोटीबरोबर बुडालो असतो तर बरं. आणि तो काळा रस्सा असतो ना, त्यात भात बुडवायचा नाही. घास उलटा करायचा, माशाचं टोक लावायचं, बस्स. एक खाऊन झाला की मगच तो पुढचा करायला घ्यायचा. आणि तोवर बघायचा कुठे? माशाकडे नाही, तुमच्या तोंडाकडे."

मग काड्यांची गोष्ट यायची. एकदा म्हाताऱ्याने वाडग्यात साधा भात दिला होता. धाकूने काड्या त्यात उभ्या खोचल्या आणि तो पाणी प्यायला लागला. म्हातारा आतून धावत आला आणि त्याने दोन्ही काड्या उपटून काढल्या. त्यांच्यात मेलेल्या माणसापुढे तसा भात ठेवतात म्हणे. "मी म्हटलं, बाबा रे, मी अजून जिता आहे!" इथे धाकू मांडीवर थाप मारायचा आणि ओटा हसायचा.

आणि नेमक्या इथेच गोदा उठायची. दर वेळी. "दूध उतू जाईल," म्हणायची आणि आत जायची. चुलीवर दूध असो की नसो.

धाकूच्या मनाला ते फार लागायचं. कच्च्या माशाची तिला किळस येते हे त्याने समजून घेतलं होतं. पण निदान गोष्ट तरी पुरी ऐकावी की नाही माणसाने? तो आयुष्यातला सगळ्यात एकटा असताना ज्या घासाने त्याला परत माणसात आणलं, त्याच घासाकडे बायकोने पंचवीस वर्षं पाठ फिरवली होती. शिवाय आणखीही एक सल होता. तीस वर्षांतली सगळी सुट्टी एकत्र केली तर तो घरी पाच वर्षंही राहिला नसेल. आला की गोदाने रांधावं, वाढावं, आणि याचं पान उचलल्यावर आपण बसावं. तिच्या पानात काय उरतं ते त्याने कधी बघितलं नव्हतं. आता दोघंच होती. लेक मैना मालगुंडला नांदत होती, आई जाऊन दहा वर्षं झाली, धाकटा भाऊ बाबूही मागच्या वर्षी गेला. धाकूला एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचा घास तिच्यापुढे ठेवायचा होता आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचं होतं. शेजारचा रघू दिवाळीला बोटीवरून आला तो त्या काळ्या रश्शाची बाटली घेऊन आला, आणि धाकूने दिवस ठरवून टाकला.

"बस," त्याने चौरंग मध्ये ओढला आणि पलीकडे पाट टाकला.

"तुमच्या आधी?"

"माझ्या आधी. कायदाच आहे तसा."

गोदा संकोचून बसली. पदर सारखा केला, मग उगीच पुन्हा सारखा केला. नव्या सुनेसारखी दिसत होती. धाकूने चौरंगावर केळीचं पान अंथरलं, वाटीत काळा रस्सा ओतला, पाण्यात हात बुडवले आणि भात घेतला. पहिला मुटका वाकडा झाला, दुसरा बरा. एकेक करायचा असतो हे तो उत्साहात विसरूनच गेला. तीन मुटके त्याने पानावर ओळीने मांडले. मग आठवलं, म्हातारा वरून तीळ भुरभुरायचा. पांढरे होते की काळे ते काही आठवेना. फळीवरच्या डब्यात काळे मिळाले. त्याने चिमूट घेऊन तिन्ही मुटक्यांवर टाकले, लांब होऊन एकदा पाहिलं आणि सुरी उचलून बांगड्याच्या दोन-चार फोडी केल्या.

"झालंच आता. पहिला तुझा."

त्याने वर पाहिलं. गोदा पानाकडे बघत होती आणि तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता. ती उठली.

"दूध उतू जाईल."

"चूल विझलेली आहे गो!" धाकू ओरडला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "कुठलं दूध? पंचवीस वर्षं कुठलं दूध उतू जातंय तुझं? एवढा जीव टाकून केलं, आणि तुला माझ्या हातचा एक घास नको? एवढा मी तुला... एवढं काय केलं मी तुझं?"

गोदा दाराची चौकट धरून पाठमोरी उभी राहिली. धाकूला वाटलं आता ही परसात जाईल आणि संध्याकाळपर्यंत बोलणार नाही. पण ती वळली.

"आईंनी भैरीदेवाची शपथ घातली होती," ती म्हणाली. "सगळ्यांना. तुम्हांला सांगायचं नाही म्हणून."

"काय सांगायचं नाही?"

"बोट बुडाल्याची तार आली तेव्हा गेलेल्यांत तुमचं नाव होतं."

धाकूच्या हातातली सुरी तशीच राहिली. "कंपनी तर म्हणाली, घरी कळवलंय."

"कळवलं ना. हेच कळवलं." तिचा आवाज अगदी रोजचा होता, तांदूळ निवडताना बोलावं तसा. "दहाव्याला बाबूभावोजी किनाऱ्यावर बसले. बायकांनी जायचं नसतं, पण मी गेले. मैनाला कडेवर घेतलं आणि केवड्याच्या बनाआड उभी राहिले. केळीच्या पानावर असेच मांडले होते. असेच काळे तीळ."

धाकूने पानाकडे पाहिलं. तीन मुटके ओळीने बसले होते. त्याला एकदम ते दिसले, आणि सुरी त्याच्या हातून खाली ठेवली गेली.

"कावळा शिवेना," गोदा सांगत होती. "भावोजींनी नाही नाही ते कबूल केलं. वहिनीला सांभाळीन, मैनाचं लग्न करून देईन. माडावर चार कावळे बसलेले, एक खाली उतरेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. तो शिवला की झालं, मग घरी येऊन माझ्या बांगड्या. मी बाहेर आले आणि त्यांच्या हातातला दर्भ काढून घेतला. म्हटलं, कावळ्याला कळतंय, तुम्हांला कळत नाही. ते जिते आहेत."

"आई काय म्हणाली?"

"आई रडत होत्या. पण मला अडवलं नाही त्यांनी. ते पिंड संध्याकाळपर्यंत तिथेच होते, वाळू चढली त्यांच्यावर. सगळी वाडी मला वेडी म्हणायची. दसरा झाल्यावर तुमचं पत्र आलं. जित्या माणसाला त्याचे पिंड सांगायचे नाहीत, आई म्हणाल्या. मी नाही सांगितले. पण तुम्ही ओट्यावर बसून सांगता ना, म्हातारा हसला, मी एका बैठकीला दहा खाल्ले... तेच दिवस हो. मी दिवस जुळवून बघायची."

कोबेच्या त्या गल्लीतलं पिवळं ऊन धाकूने पंचवीस वर्षं जपून ठेवलं होतं. त्याच उन्हात ही मुलीला कडेवर घेऊन उभी होती, आणि त्याने हजार वेळा तिच्यासमोर मांडीवर थाप मारून सांगितलं होतं की मी अजून जिता आहे. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, तिची माया आली. त्याने पान चारी बाजूंनी गोळा करायला हात घातला.

"राहू दे. टाकून देतो हे सगळं. पुन्हा नाव काढणार नाही."

गोदाने त्याचं मनगट धरलं.

"टाकू नका," ती म्हणाली. "कावळ्याने तेव्हा घास सोडला तो माझ्यासाठीच असेल."

ती पाटावर बसली. तांब्यातल्या पाण्याने तिने हात धुतले. पानावरचा मधला मुटका घेतला आणि त्याच्यावरचे तीळ नखाने एकेक करून काढले. एकही राहू दिला नाही. सगळे पानाच्या कडेला एका जागी ठेवले. मग बांगड्याची एक फोड स्वतःच उचलून वर बसवली आणि बोटाने हलकेच दाबली. धाकू काही सांगणार, तेवढ्यात तिने घास उलटा केला. माशाचं टोक काळ्या रश्शाला लावलं, भाताला थेंब लागू दिला नाही, आणि अख्खा घास एकदम तोंडात घातला.

धाकू बघतच राहिला. म्हणजे ही आत जाऊन दाराआड उभी राहत होती. दर वेळी. सगळं ऐकत होती.

तिचे डोळे शिरक्याने पाणावले, की कशाने, कुणास ठाऊक. ती सावकाश चावत होती, आणि धाकू माशाकडे नाही, भाताकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता. घास गिळून झाल्यावर तिने पदराने ओठ टिपले आणि उरलेले दोन मुटके पानासकट बाजूला सारले.

"आंबट आहे," ती म्हणाली. "पण वाईट नाही."

धाकू अजून तसाच बसून होता.

"बघताय काय? पुढचा करा," गोदा म्हणाली. "तीळ नको."